मावशींची चाळीस दिवसांची ड्यूटी

अबू धाबीपासून अल ऐनपर्यंत माझ्या बायकोच्या मावशींना न घाबरणारा प्राणी एकच असेल, तो म्हणजे उंट; आणि तोही कधी त्यांच्या वॉर्डात आला नाही म्हणून. मावशी अल ऐनच्या एका हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात अठ्ठावीस वर्षं नर्स होत्या. साताऱ्याकडच्या एका खेड्यातून एकट्या आल्या आणि एकट्याच राहिल्या. लग्न का केलं नाही, असं माझ्या बायकोने एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "त्या वर्षी मला नाइट लागली होती." विषय संपला. त्यांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती होत्या: बाळंतिणी, आणि बाळंतिणींच्या वाटेत उभे राहणारे लोक. मी लग्न झाल्या दिवसापासून दुसऱ्या जातीत मोडत असे. अर्थात मला त्या मोठ्या मानाने 'जावईबापू' म्हणत. फक्त त्या मानाच्या हाकेनंतर जे वाक्य यायचं, ते हुकमाचं असायचं. "जावईबापू, यल्ला, गाडी काढा."

महिन्यातून एखाद्या वीकेंडला त्या आमच्याकडे अल रीम आयलंडला राहायला येत, आणि आमच्या चाळीस मजली टॉवरचा वॉर्ड करून टाकत. सिक्युरिटीवाल्याची जीभ बघत. लिफ्टमध्ये कुणाच्या कडेवर मूल दिसलं की आईने मूल कसं धरावं, हे ते मूल काढून घेऊन दाखवत. त्यांची भाषा त्यांची स्वतःची होती. वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत वळायचं आणि अरबीत संपायचं. "बेटा, पाणी पी, खाली पोट मत रह, नाहीतर खलास." एकदा लिफ्टमध्ये एक गोरी बाई भेटली. पोट पुढे, हातात सामानाच्या दोन पिशव्या. मावशींनी पिशव्या हिसकावल्या, आमच्या मजल्यावर न उतरता तिच्याबरोबर वर गेल्या, आणि दीड तासाने परत आल्या. माझी मुलगी हादरली होती. "बाबा, आजी जस्ट वेंट इन्टू अ स्ट्रेंजर्स हाउस!" मावशी चप्पल काढत म्हणाल्या, "स्ट्रेंजर कसली? सातवा महिना आहे तिला. नवरा बरा आहे. चहा मात्र फिका करतो."

तर अशा या मावशींच्या वॉर्डात तीन-एक वर्षांपूर्वी मार्सेला आली. कोलंबियाची. कोलंबिया कुठे आहे हे मावशींना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची घाईही नव्हती. नवरा अल ऐनच्या एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवायचा. मार्सेलाची आई बाळंतपणाला येणार होती, व्हिसा झाला होता, तिकीट झालं होतं, आणि निघायच्या आठवड्यात ती जिन्यावरून पडली. पाय मोडला. इकडे मुलगी झाली, सगळं सुखरूप. पण घरी सोडायच्या दिवशी मावशींनी पाहिलं, मार्सेला भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि पाळण्याकडे वळून बघत नव्हती. मावशींनी नवऱ्याला विचारलं, "घरपे कौन है?" त्याने प्रश्नातला 'घर' हा शब्द कसा ओळखला देव जाणे, पण तो म्हणाला, "नोबडी." इतक्या वर्षांत हा शब्द मावशींनी पुष्कळ ऐकला असेल. पण त्या दिवशी बहुधा त्यांच्या रजेच्या शिल्लक दिवसांनीही तो ऐकला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, बॅग घेऊन त्या मार्सेलाच्या दारात उभ्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी मला फोन आला.

"जावईबापू, शनिवारी डिंक, खारीक, आळीव आणि तुमच्या बायकोची एखादी जुनी सुती साडी घेऊन या. नवी नको, टोचते."

आळीव मला अबू धाबीत कुठे मिळेना. शेवटी अल ऐनच्या बाजारात एका म्हाताऱ्या अरब दुकानदारासमोर उभा राहून मी 'आळीव' हा शब्द मराठीत, हिंदीत आणि मोठ्याने, अशा तीन प्रकारे म्हणून पाहिला. मग मावशींनी पाठवलेला फोटो दाखवला. तो हसला. "रशाद!" म्हणाला, आणि पिशवी भरता भरता, "बेबी? मबरूक!" त्याच्या घरी पण बाळंतिणीला हेच देत असणार. मी न झालेल्या बाळाबद्दलच्या शुभेच्छा स्वीकारल्या आणि निघालो.

मार्सेलाच्या घरी पोचलो, तर स्वयंपाकघरात मावशी तोंडाला वॉर्डातला मास्क लावून कोंबडी शिजवत होत्या. मावशी जन्माच्या शाकाहारी. समोर ओट्यावर फोन उभा केलेला, आणि त्यात पाय प्लास्टरमध्ये घातलेली मार्सेलाची आई स्पॅनिशमध्ये सूचना देत होती. मावशी तिला मराठीत उत्तरं देत होत्या. त्या दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघींचं संपूर्ण एकमत होतं. गार पाणी द्यायचं नाही. डोकं झाकायचं. पोट बांधायचं. आणि किती दिवस, तर त्या बाईने दहा बोटं चारदा दाखवली. मावशींच्या हातातला डाव थांबला. "चाळीस! जावईबापू, बघा, चाळीसच म्हणतेय! अहो, ही बाई आपल्याच गावची आहे."

पण लाडवांनी आणि रश्श्यांनी जे व्हायला हवं होतं ते होत नव्हतं. मार्सेला खायची, अंगाला तेल लावून घ्यायची, बाळाला पाजायची, सगळं दुसऱ्या कुणाचं काम केल्यासारखं. मावशींना स्पॅनिशमधली फक्त हुकमाची क्रियापदं येत. 'कोमे' म्हणजे खा, 'दुएर्मे' म्हणजे झोप. या दोन शब्दांवर त्यांनी दोन आठवडे घर चालवलं होतं. पुढच्या शनिवारी मी गेलो, तर नवरा बाहेरच्या खोलीत मान खाली घालून बसला होता. त्याने ठरवलं होतं, मार्सेलाला आणि मुलीला कोलंबियाला पाठवून द्यायचं. इथे हिला माणसं नाहीत, भाषा नाही. तिकडे निदान आई आहे. मला इंग्रजीत म्हणाला, "मी तिला इथे आणून चूक केली."

हे मी मावशींना सांगितलं. मला वाटलं आता त्याची कंबख्ती. पण मावशी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "इसको पूछो, 'रड' को तुम्हारे में क्या बोलते?" मी विचारलं. तो गोंधळला, मग हळूच म्हणाला, "योरा."

मावशी आत गेल्या. दार उघडंच होतं. पलंगावर मार्सेलाच्या शेजारी बसल्या, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, आणि ज्या आवाजात त्या 'खा' म्हणत, 'झोप' म्हणत, त्याच आवाजात म्हणाल्या, "योरा."

मार्सेला त्यांच्याकडे बघत राहिली. बहुतेक त्या पंधरवड्यात सगळ्यांनी तिला रडू नको असंच सांगितलं होतं. आणि मग ती जी रडायला लागली, ते मी आणि तो फुटबॉलवाला बाहेर उभे राहून एकमेकांच्या बुटांकडे बघत ऐकत राहिलो. मावशी पदराने तिचं तोंड पुसत होत्या आणि मराठीत म्हणत होत्या, "रड बाई, रड. आई इथं असती तर रडलीच असतीस ना." बाहेर आल्या तेव्हा पुन्हा वॉर्डातल्या झाल्या होत्या. "तिकीट कॅन्सल. एवढ्या लांबच्या विमानात ही एकटी बसायची नाही. आणि नुसत्या लाडवांनी हे जायचं नाही, उद्या डॉक्टरकडे न्यायचं. हा आजार आहे, नखरे नाहीत. यल्ला." डॉक्टरकडे नेलं. औषध सुरू झालं.

पण त्याआधी, त्या शनिवारी संध्याकाळीच नवऱ्याकडून त्यांना कळलं, की अल ऐनमधली स्पॅनिश बोलणारी दहा-पंधरा कुटुंबं शनिवारी एका बागेत जमतात. मार्सेला नवी, लाजरी, म्हणून कधी गेली नाही. "चला," मावशी म्हणाल्या. बागेत गाणी लागली होती, मुलं धावत होती, काही जोडपी नाचत होती. मावशी पर्स काखेत घेऊन बरोबर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "तुमची एक पोर इथं पाच किलोमीटरवर भिंतीकडे तोंड करून पडलीय आणि तुम्ही नाचताय?" मी याचं इंग्रजीत भाषांतर केलं ते असं, की "या बाईंना तुमची थोडी मदत हवी आहे." एका मेक्सिकन बाईने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणखी मऊ करून सांगितलं असावं. पण मावशींच्या तर्जनीचं भाषांतर करायची गरज नव्हती. गाणं बंद झालं.

मग त्यांनी पर्समधून वॉर्डाच्या रोस्टरसारखा आखलेला कागद काढला. सोमवारी कोण डबा नेणार, मंगळवारी कोण दोन तास बाळ धरणार, बुधवारी कोण नुसतंच बोलत बसणार. 'नुसतं बोलणे' या रकान्यात त्यांनी सर्वांत जास्त नावं लिहून घेतली. पेरू देशातली एक जाडजूड बाई रडायलाच लागली. तिचं बाळंतपण दोन वर्षांपूर्वी इथेच झालं होतं, आणि तेव्हा कुणीच आलं नव्हतं. मावशींनी तिला लगेच सेक्रेटरी केलं.

चाळीस दिवसांनी मावशी परत ड्यूटीवर गेल्या. मार्सेला त्यानंतरही हळूहळूच बरी झाली. एक दिवस मुलीकडे बघून आपणहून हसली, तो व्हिडिओ मावशींनी मला चार वेळा पाठवला. पण तो रोस्टर मात्र थांबला नाही. डबा आता नव्याने आलेल्या कुणाही घरी जाऊ लागला. मग कुणाच्या मुलाची शाळा, कुणाला ड्रायव्हिंग शिकायचंय, कुणाची नोकरी गेली नि व्हिसाची मुदत संपत आली, असं सगळंच त्या कागदावर येत गेलं. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पॅनिश न येणारी एकमेव सभासद म्हणजे आमच्या मावशी. त्या तिथे मराठीत व्हॉइस मेसेज टाकत, आणि पलीकडून अंगठे येत. काय समजत असेल, कोण जाणे. पण काम होत असे.

गेल्या वर्षी मावशी रिटायर झाल्या. नोकरी संपली की व्हिसा संपतो, हे इथे सगळ्यांनाच माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही. विमानतळावर पंधरा बायका आल्या होत्या. मावशी कुणाच्या गळ्यात पडल्या नाहीत. प्रत्येकीला पाणी किती पितेस, एवढं विचारून आत गेल्या.

आता साताऱ्याकडच्या गावात भावाच्या शेजारी राहतात. परवा मी सहज फोन केला. मावशी, कसं चाललंय, विचारलं. बरं आहे म्हणाल्या. हवा चांगली आहे, गुडघे दुखत नाहीत. शेजारची सून बाळंत झाली. मी म्हटलं, मग काय, तुमची ड्यूटी सुरू!

"नाही हो जावईबापू," मावशी म्हणाल्या. "तिची आई आलीय. सासू आहे, दोन नणंदा आहेत. इथं सगळ्यांना आया आहेत हो. मला कोण बोलावणार?"

आणि मग त्याच म्हणाल्या, "बरं, खलास. ठेवते."

ठेवते म्हणाल्या खऱ्या, पण बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.