बाईंचे चवडे

अख्ख्या वसईत सरळ उभ्या राहणाऱ्या गोष्टी दोनच: आमच्या चर्चचा मनोरा आणि आमच्या पीटीच्या बाई. त्यातही मनोऱ्याबद्दल बाईंना शंका होती. "किंचित डावीकडे कललाय गं," असं त्या मिस्सा संपल्यावर सगळ्यांसमोर सांगायच्या, आणि फादर बिचारे घाबरून वर बघायचे. शाळेतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण शाळा काही सुटली नव्हती. गिरीजच्या वाडीत एकट्याच राहायच्या आणि केळींना टेकू असे द्यायच्या, की एकाही केळीची पोक काढायची हिंमत होऊ नये. आगाशीच्या बाजारात मासळीवालीला म्हणायच्या, "आधी पाठ ताठ कर, मग भाव सांग." एकदा एका मयतीला मी रडत असताना माझ्या पाठीत हलकेच धपाटा बसला. "रड, पण खांदे मागे घेऊन रड." मला रडता रडता हसू फुटलं आणि लोक माझ्याकडे बघायला लागले. काय करणार अशा बाईला!

त्यांचा खरा जीव मात्र 'सावधान'मध्ये. टाचा जुळलेल्या, चवडे बाहेर. रेशनच्या रांगेत तशाच, लग्नाच्या फोटोत तशाच. गेल्या वर्षी हाडांच्या घनतेची तपासणी केली, तेव्हा मशीनवरही तशाच सावधानमध्ये आडव्या पडल्या असणार. रिपोर्ट फर्स्टक्लास आला. मग काय विचारता! बाईंची हाडं तरण्या पोरीची आहेत, हे गावभर झालं. विरारला फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा "मम्मी, एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये" म्हणून मागे लागला होता. बाईंनी त्याच्यासमोर तो रिपोर्ट ठेवला आणि विषय संपवला.

आणि यंदा विहिरीपाशी साधा पाय घसरला, हात टेकला, तर मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, "एवढी चांगली हाडं अशी मोडत नाहीत. पुन्हा तपासू." मुलगा म्हणाला, "या वेळी कमजोर निघाली तर वाडीला कुलूप." प्लास्टर निघाल्यावर मीच बाईंना रिक्षात घालून तपासणीला नेलं.

तिथली मुलगी चुणचुणीत होती. तिने गळ्यातलं पदक, साडीच्या पिना, सगळं काढायला लावलं. बाईंना आडवं केलं, त्यांचं पाऊल आत वळवलं आणि ठोकळ्याला पट्ट्याने बांधलं. बाईंनी झटक्यात पाऊल बाहेर! पट्टा सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला.

"आजी, पाय आत हवा."

"आजी कुणाला म्हणतेस? आणि चवडे आत वळवून कोण उभं राहतं? बदक!"

मी तोंडाला ओढणी लावली. मुलगी वैतागली होती, तरी तिने नीट सांगितलं, "पाय बाहेर वळला की मांडीच्या हाडाची मान फोटोत आखूड दिसते आणि आकडा उगाच चांगला येतो. खरा नाही येत."

बाई छताकडे बघत राहिल्या. "म्हणजे गेल्या वर्षी..."

"असेलही तसं."

मी मनात म्हटलं, बाई, राहू द्या ना पाय तसाच! वाडीला कुलूप लागण्यापेक्षा एक खोटा आकडा काय वाईट? मी हळूच म्हणालेही, "बाई, दुखत असेल तर नका वळवू."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा आठवीत जाऊन उभी राहिले.

"मी तुला कधी फुकटचे मार्क दिलेत का गं?"

आणि स्वतःच पाऊल आत वळवलं. "बांध पोरी. घट्ट बांध."

आकडा बराच खाली आला. औषधं सुरू झाली, बाई विरारला गेल्या. सातव्या मजल्यावर. मुलगा चांगला आहे, सून जपते, तक्रार कसलीच नाही. तरी मला फार वाईट वाटतं.

आता मुलगा त्यांना रविवारी मिस्साला आणतो. नंतर आम्ही दोघी वाडीच्या फाटकापर्यंत चालत जातो आणि परत येतो. परवा वाटेत त्यांनी माझा दंड धरला. "जरा हळू चाल गं, मला तुझ्याबरोबर यायचंय." बाईंनी कुणाला धरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी हळू झाले. इतकी हळू, की फाटक लवकर येऊच नये, कारण तिथून बाईंना परत फिरायचं असतं.