काकींच्या दहाव्याची वेळ

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — आणि तिला तर मी साधी दाढ दुखली तरी दिवसातून दहादा सांगतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माकुणसारचे नाही, एवढंच असेल कदाचित.

माकुणसारला माझ्याबद्दल फार चांगलं बोलतात. गेल्या वर्षी भाऊकाका गेले, तेव्हा अग्नी मी दिला. ते माझे सख्खे कुणी नव्हेत. आमच्या शेजारची वाडी त्यांची, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा जयेश माझा लहानपणापासूनचा मित्र. तो अमेरिकेत असतो. तो आला नाही. मी मडकं खांद्यावर घेऊन फिरलो तेव्हा बायका डोळ्याला पदर लावून म्हणत होत्या, पोटच्यानं नाय केलं ते यानं केलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. लोकांना वाटलं, दुःखानं.

कुठून सुरुवात करू? घड्याळापासून करतो.

मी बोईसरला एका छोट्या ऑफिसात प्रोग्राम लिहितो. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही चौघं. कारखान्यांच्या गेटवरची हजेरी, बाहेर जाणाऱ्या मालाच्या नोंदी — असली कामं. एका कारखान्याचा माल जर्मनीला जायचा आणि तिथल्या साहेबांना पडद्यावर जर्मनीची वेळ दिसायला हवी होती. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा मागे. कुठल्या देशात कुठल्या दिवशी करतात, ते सगळे नियम एका फाइलमध्ये ओळीओळीनं लिहिलेले असतात. ती वाचून वेळ काढणारे प्रोग्राम आयतेही मिळतात. पण मला माझा स्वतःचा लिहायचा होता. हौस म्हणा. माज म्हणा.

जर्मनीची ओळ सोपी होती — ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. ती चोख जमली. अमेरिकेची ओळ वेगळ्या तऱ्हेनं लिहिलेली. नोव्हेंबरच्या एक तारखेला किंवा तिच्यानंतर येणारा पहिला रविवार. ती तऱ्हा माझ्या प्रोग्रामला वाचता येत नव्हती. न कळणारी ओळ आली की प्रोग्रामनं थांबावं आणि बोंब मारावी, हा आमच्या धंद्यातला साधा शिरस्ता. पण साहेबांसमोर त्यानं बोंब मारली असती तर शोभा माझी झाली असती ना? म्हणून मी त्याला गप्प राहायला शिकवलं. नाही कळलं तर त्या महिन्याचा शेवटचा रविवार धर आणि पुढे चल. म्हटलं, अमेरिका विचारतंय कोण.

पुढे जयेश अमेरिकेला गेला, औषधांच्या एका कारखान्यात. आणि मीच मोठ्या हौसेनं भाऊकाकांच्या फोनवर त्याच प्रोग्रामवर चालणारं घड्याळ बसवून दिलं. वर आपली वेळ, खाली जयेशची. काकींना त्याचं कोण कौतुक! भाजी चिरता चिरता मान वाकडी करून बघायच्या. "जेवला असंल ना रं तो आता?" भाऊकाकांना तो मागे-पुढे करण्याचा प्रकार कधीच पटला नाही. "घड्याळ मागं केलं म्हंजे म्हातारा पोर होतो काय?" असं म्हणायचे. पण रोज बघायचे.

काकी त्याच वर्षी दिवाळीनंतर गेल्या, ध्यानीमनी नसताना. जयेशला येता येईना — व्हिसाच्या कामासाठी त्याचा पासपोर्ट तिकडच्या एका ऑफिसात अडकला होता. दोन दिवसांनी भाऊकाका मला म्हणाले, "नाय येता येत तर नको येऊ म्हणावं. पण दहाव्याला फोनात तोंड दाखव. तिचा जीव त्याच्यातच हाय."

दहावा सकाळी दहाला, तळ्याकाठी ठरला. मी जयेशला फोन केला. तो म्हणाला, "माजं डोकं चालत नाय किरण. माजी वेळ तूच बघून सांग." मी घड्याळ बघून सांगितलं, रात्री साडेबारा. त्याची तेव्हा रात्रपाळी असायची. आत फोन नेऊ देत नाहीत, आपल्या तारापूरच्या कारखान्यांत असतं तसंच; फोन बाहेर कपाटात. साडेबाराला सुट्टी मागून बाहेर येतो, म्हणाला. आणि ठेवता ठेवता विचारलं — हे मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं — "कालच इकडं घड्याळं मागं केली. तुज्या प्रोग्रामला ठाऊक हाय ना?"

दोन मिनिटं लागली असती तपासायला. मी म्हटलं, "अरे, त्यासाठीच तर लिहिलाय तो."

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे तळ्याकाठच्या रानभेंडीच्या मोठ्या झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. लोक हात जोडून एकेक कबूल करू लागले. वाडी सांभाळू, गाय विकणार नाय, भाऊला एकटं नाय सोडणार. कावळे जागचे हलेनात. काकींचं कशात अडलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते. मी लावत होतो. वाजून वाजून बंद पडत होता, पुन्हा लावत होतो. भटजींना पुढे दातिवऱ्याला जायचं होतं, तरी तेही बसून राहिले. आणि भाऊकाका — ज्यांनी काकींशी जन्मात चार वाक्यं सरळ बोलली नसतील — ते उघड्या अंगानं उन्हात बसून पिंडाशी बोलत होते. "येल तो. थांब जरा. येल."

तासभर थांबलो. शेवटी तेच उठले. "उरकून घ्या," म्हणाले. भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिवला.

लोक पांगू लागले, भाऊकाका पाय धुवायला तळ्यात उतरले, आणि माझा फोन वाजला.

जयेशनं डोकं भादरलं होतं. एकट्यानं, मशीन फिरवून — कानामागे केस तसेच राहिले होते. धुतलेला पांढरा सदरा घातला होता. कपाटांच्या रांगेपुढे फोन कशाला तरी टेकवून तो हात जोडून उभा होता. "साडेबारा झाले," म्हणाला. "वेळेवर हाय ना मी?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं. तिकडचा पहिला रविवार होऊन गेला होता आणि माझा प्रोग्राम शेवटच्याची वाट बघत बसला होता. आपले दहा वाजले तेव्हा तिकडे साडेअकराच झाले होते. भाऊकाका हाकेच्या अंतरावर होते. काय करायचं होतं मला? हातातला फोन फक्त फिरवायचा होता. त्यांनी ते डोकं बघितलं असतं. पुढे चार लोकांत माझी छी थू झाली असती, दुसरं काय?

मी भेंडीच्या बुंध्यामागे गेलो. जयेशला सांगितलं की भटजींना पुढचं काम होतं, म्हणून तुला आधीपासूनच फोन लावत होतो, शेवटी लवकर उरकलं. त्यानं विचारलं, "भाऊ काय म्हणले?" मी म्हटलं, "उरकून घ्या म्हणाले." शब्द त्यांचेच होते, नाही का? त्याचे हात तसेच जोडलेले राहिले. मग त्यानं फोन बंद केला. भाऊकाका तोंड पुसत आले आणि कोण होता विचारलं. मी म्हटलं, "जयेश. आत्ता सवड झाली म्हणतो."

सवड! हा शब्द मला कुठून सुचला?

बापाला वाटलं पोरगा आला नाही. पोराला वाटलं बाप थांबला नाही. एकमेकांना नुसतं विचारलं असतं तर एका वाक्यात माझं बिंग फुटलं असतं, आणि ते फुटेल म्हणून मी कितीतरी महिने फोन वाजला की दचकायचो. पण दोघं एकाच मातीचे. विचारण्यात कमीपणा वाटायचा. विचारायचं झालंच तर मला विचारायचे! भाऊकाका म्हणाले, "बघ विचारून त्याला, काय एवढं अडलं होतं." मी विचारलंच नाही, आणि चार दिवसांनी सांगितलं, "काम होतं म्हणतो." त्यांचे फोन आधी पावसापाण्यापुरते उरले, मग दिवाळीपुरते, मग तेही थांबले. ते घड्याळ काढून टाक, असं भाऊकाकांनीच एकदा सांगितलं. मी काढून टाकलं.

प्रोग्राम मात्र मी दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन दुरुस्त केला. अर्ध्या तासाचं काम. काय बदललं ते लिहावं लागतं, तिथे लिहिलं — किरकोळ सुधारणा. त्यानंतर त्याची एकदाही चूक झालेली नाही. मला लाज वाटते ती याचीच जास्त. ते नीट करायला मला एक दिवस पुरला.

भाऊकाका गेल्याचं मी जयेशला कळवलं. तू येईपर्यंत थांबतो, असंही लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "नका थांबू. तेव्हा तरी कुठं थांबलेलात." मग मी मडकं उचललं.

पण खरं सांगायचं होतं ते हे नाही. ते त्याच्या आठवडाभर आधीचं आहे. भाऊकाका अंथरुणाला खिळले होते आणि दुपारची पेज भरवायला मी जायचो. त्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं. दोन चमचे घेऊन ते थांबले आणि म्हणाले, "तिकडं आता किती वाजलं असतील रं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नाव नाही घेतलं, पण माझ्याकडे बघत राहिले. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं — काका, तो आला होता. त्यानं डोकं भादरलं होतं. एवढंच तर होतं. किती लागतं एवढं बोलायला?

मी फोन काढून बघितलं आणि म्हटलं, "पहाटेचे साडेतीन."

वेळ बरोबर होती.

"मंग निजला असंल," भाऊकाका म्हणाले. "नको उठवू."

मी नाही उठवलं. पेज उरली होती, ती भरवली.