समुद्रात पडलेली गावं

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ वॉटफर्डहून टाय लावून यायचे आणि कॉम्प्युटरशी मराठीत भांडायचे. सरकारकडून आलेल्या कॉम्प्युटर टेपवरची गावं आणि त्यांच्या नकाशावरच्या जागांचे आकडे उतरवून ॲम्ब्युलन्ससाठी डेटाबेस करायचा, हे आमचं काम. टेपवर चुका भरपूर; आकडे उलटे पडले, की गाव नकाशावर थेट समुद्रात. "सरकारने आणखी एक गाव बुडवलं हो!" असं म्हणत ते उलटे पडलेले आकडे सुलटे करायचे आणि गाव समुद्रातून बाहेर काढायचे.

एकदा काही गावं काही केल्या जमिनीवर येईनात. मॅनेजर म्हणाला, "डिलीट करा. शुक्रवारी मला क्लीन डेटाबेस हवा." मी तयारच होतो. पण हे गृहस्थ मला हळूच म्हणाले, "अहो, क्लीन होईल हो. पण तिथल्या म्हातारीला हार्ट अटॅक आला, तर ॲम्ब्युलन्सने जायचं कुठे?"

त्यांनी रजा टाकली, लायब्ररीत कागदी नकाशे पसरून प्रत्येक गावाची जागा शोधली आणि सोमवारी सगळी गावं हाताने टाइप केली. डेटाबेस उशिरा गेला. मॅनेजरने त्यांच्या वार्षिक रिपोर्टमध्ये 'कामात मंद' असं लिहिलं. त्यांनी तो शांतपणे वाचला, मॅनेजरची स्पेलिंगची एक चूक पेनाने दुरुस्त केली आणि खाली सही केली.