चाकांवरची खोली

"पहिले झोपून बघू, भिया," असं मला म्हणत माझे सहकारी चपला काढून ट्रेलरमध्ये शिरले आणि सरळ आडवे झाले. शेगडी कुठे, पाण्याची टाकी कुठे, हे विकणारा बाहेरून उत्साहानं सांगत होता. आत हे डोळे मिटून पडलेले.

विजय नगरच्या आमच्या ऑफिसात ते माझ्या शेजारी बसत. गाडीमागे जोडायचं छोटं घर घ्यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी त्यांची खेचली. "अब जंगल में रहोगे क्या?" ते फक्त हसत. "देखते हैं ना."

बेटम्याच्या रस्त्यावर ट्रेलर बघायला मी सोबत गेलो, तेव्हा वाटेत त्यांनी खरं काय ते सांगितलं. मुलगी ऑटिस्टिक. परक्या खोलीत तिला झोप लागत नाही, रडून रडून बेजार होते. त्यामुळे लग्नकार्य असो की आजारपण, हे कुटुंब संध्याकाळी घरी परत. वहिनींचं माहेर सांगलीला. मुलगी लहान होती तेव्हापासून त्या आईकडे राहिलेल्या नाहीत.

"आई आता थकली हिची," ते म्हणाले. "फोनवर दोघी रडतात. म्हटलं, पोरगी खोली सोडत नाही ना? खोलीच नेऊ."

तुम्हीही त्यांना त्या दिवशी बघायला हवं होतं. एका ट्रेलरचा पंखा घरघरतो म्हणून नको, दुसऱ्यात रेक्झिनचा वास येतो म्हणून नको. सगळ्यात महागड्यात टीव्ही होता. त्यातून ते लगेच उठले. "टीव्हीच्या लाल दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो." शेवटी एक बुटका, साधा ट्रेलर उरला. त्यात मात्र ते इतका वेळ पडून राहिले की विकणारा घाबरून आत डोकावला.

पुढच्या रविवारी मुलीला आणलं. ती दाराशी थबकली. वहिनी काही बोलणार, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "कुछ मत बोलो." मुलगी आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

"साब, अंदर से कुंडी लगा ली," विकणारा म्हणाला.

"लगने दो."

आम्ही उन्हात उभे. थोड्या वेळानं आतून टकटक ऐकू आली. एकसारखी, सावकाश.

"घरी झोपायच्या आधी ती भिंतीवर असंच वाजवते," वहिनी मला म्हणाल्या. त्यांच्याकडे बघायचं टाळून हे रस्त्यावरचे ट्रक बघत राहिले.

मग कितीतरी दिवस ट्रेलर त्यांच्याच अंगणात उभा होता. मुलगी आपली चादर घेऊन त्यात झोपायला शिकली. मे महिन्यात ते सांगलीला निघाले.

त्यांची खुर्ची रिकामी होती, आणि एका सकाळी मोबाइलवर फोटो आला. कौलारू घरासमोर उभा ट्रेलर, उघडं दार, पायरीवर बसून दूध पिणारी मुलगी.

मी विचारलं, "वहिनी दिसत नाहीत?"

उत्तर आलं, "घरात, तिच्या आईच्या कुशीत झोपलीये. ऊन वर आलंय, पण कोणी उठवत नाहीये."