रुसव्यातलं घड्याळ

तारीख गेल्या महिन्याची नऊ. येणे बाकी, एक मनगटी घड्याळ. हजर तिघं : कॉटवर दाजी, त्यांच्या उशाशी त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, आणि पायथ्याशी मी. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच अक्काला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. दाजींनी मला बघितलं, नाकावरची नळी जरा सरकवली आणि म्हणाले, "पावणं, आता तरी मागा की." मी म्हटलं, "दाजी, किती वाजले?" त्यांनी सवयीनं डावा हात वर केला. मनगटावर सलाईनची सुई आणि चिकटपट्टी होती. त्यांनी ती बघितली, हात खाली ठेवला आणि हसले... हसले म्हणजे हसायचा प्रयत्न केला. मी निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला.

दाजी गेल्यावर त्यांच्यावर आत्तापर्यंत तीन ठिकाणी छापून आलंय. शिरोली एमआयडीसीतले यशस्वी फौंड्रीवाले, दिलदार माणूस, घड्याळांचे दर्दी. यातलं खोटं काही नाही. कामगारांचा बोनस त्यांनी कधी थकवला नाही, आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात निळ्या मखमलीवर त्यांची एक्केचाळीस घड्याळं मांडलेली असायची, हेही खरं. पण बेचाळिसावं घड्याळ त्या कपाटात नव्हतं आणि त्याबद्दल कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितोय. अक्काला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिही. फक्त गोड लिहू नको."

ते घड्याळ माझ्या वडिलांचं, अप्पांचं. त्याआधी आजोबांचं. स्विस बनावटीचं, रोज सकाळी चावी द्यायचं, साय पिवळी पडावी तशी झालेली तबकडी, आणि सेकंदाचा काटा एवढा बारीक की तो दिसण्याआधी त्याची टिकटिक ऐकू यायची. अप्पा मलकापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. स्टँडवरच्या भिंतीवरचं घड्याळ कधी पुढं असायचं, कधी बंदच. त्यामुळं रत्नागिरीकडं जाणारी आणि कोल्हापूरकडं येणारी प्रत्येक गाडी अप्पांच्या मनगटावर सुटायची. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "सोडू का अप्पा?" अप्पा घड्याळाकडं बघायचे, आणि मान हलवली की गाडी हलायची. लहानपणी ते घड्याळ माझ्या कानाला लावायचे. म्हणायचे, "ऐक. धावतंय का ठेचकाळतंय, कानाला पयलं कळतं."

अक्काचं लग्न १९९१ च्या मे महिन्यात मंगळवार पेठेतल्या एका कार्यालयात झालं. बैठकीत ठरल्याप्रमाणं आम्ही नवऱ्या मुलाला घड्याळ घेतलं होतं, सहाशे साठ रुपयांचं, सेलवर चालणारं, तेव्हाच्या मानानं चांगलं. पंगतीत दाजी रुसून बसले. रुसवा ही लग्नातली गंमतच असते. नवरा मुलगा घास घेत नाही, सासरा हसत हसत एखादी अंगठी नाहीतर पाकीट पुढं करतो, बायका चिडवतात, आणि मग जिलेबी मोडली जाते. अप्पांनी घड्याळाची डबी पुढं केली. दाजींनी डबी उघडली, घड्याळ कानाला लावलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हे सेलवर चालतंय की! ह्याला काय घड्याळ म्हणायचं?" त्यांचे मित्र हसले. मग त्यांनी बोट दाखवलं ते थेट अप्पांच्या मनगटाकडं. "मामा, ते द्या. तर घास घेतो."

मी समोर वाढत होतो. माझ्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. मला वाटलं, आता त्यांचे वडील म्हणतील, बास कर बाबा. ते म्हणाले, "पोराला घड्याळाचा लई नाद, काय करायचं!" सगळी पंगत अप्पांकडं बघत होती. अप्पा हसले, पट्टा सोडला, आणि स्वतःच्या हातानं ते जावयाच्या मनगटाला बांधलं. त्यांच्या मनगटावर पट्ट्याएवढी गोरी जागा उघडी पडली. ती झाकायला त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली... ते मी बघितलं. बाकी कुणी बघितलं असेल असं मला वाटत नाही. दाजींनी टाकलेलं सहाशे साठ रुपयांचं घड्याळ पाटाशेजारी पडलं होतं. ते मी उचललं. आजही तेच माझ्या हातात आहे.

त्याआधी, लग्न लागताना, मी कानपिळी केली होती. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, आणि नवऱ्यानं त्या भावाला मान म्हणून काहीतरी वस्तू द्यायची. दाजींच्या घरचे ती वस्तू आणायला विसरले होते. "देतो की पावणं, पळून चाललोय व्हय?" असं दाजी म्हणाले होते आणि मीही हसून सोडून दिलं होतं. पंगतीनंतर मला ते आठवलं. त्यांचं माझ्याकडं देणं आहे, आणि काय मागायचं ते मी ठरवणार. पंगतीतली भांडी उचलतानाच मी ते ठरवून टाकलं.

अप्पांची नोकरी अजून दोन वर्षं होती. ती दोन वर्षं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारून काढली. ज्या माणसाच्या मानेवर गाड्या सुटायच्या, तो कंडक्टरला विचारायचा, "किती झालं रे?" मी पहिल्या पगारातून नवं घड्याळ आणलं. त्यांनी ते बांधलं नाही. म्हणाले, "मोकळ्या हाताला कोण काय विचारत न्हाय. नवं बघितलं की जुन्याचं विचारत्यात. मग सांगावं लागतं." गाडी सोडायच्या वेळी ते मनगटाकडं बघायचे, तिथं काही नाही हे लक्षात यायचं, आणि मग मान वर करून कुणाला तरी शोधायचे.

ते रिटायर झाले त्या आठवड्यात मी दाजींच्या घरी गेलो. दाजींच्या हातात दुसरंच कुठलं तरी घड्याळ होतं. अप्पांचं त्यांनी लग्नानंतर एकदाही घातलेलं मी बघितलं नव्हतं. सरळ म्हटलं, "दाजी, कानपिळी राहिली आहे. अप्पांचं घड्याळ द्या." अक्का चहा घेऊन दारात उभी होती. दाजी म्हणाले, "रुसव्यात मिळालेली वस्तू परत द्यायची तर लग्नात मिळालेलं समदंच परत द्यावं लागंल, पावणं. ह्या तुमच्या अक्कासकट. न्हेताय?" आणि स्वतःच हसले. अक्कानं ट्रे माझ्यापुढं धरला. मी चहा घेतला. कप खाली ठेवून म्हटलं, "असू दे. आता मागत नाही. मागीन तेव्हा द्या."

त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक कार्यात, बारशात, वास्तुशांतीत, दिवाळीच्या फराळाला, चार माणसं बसलेली असताना मी त्यांना एकच विचारायचो, "दाजी, किती वाजले?" पहिल्यांदा ते सांगायचे. पुढं त्यांना कळायला लागलं. एकदा वैतागून म्हणाले, "तुमच्या हातात घड्याळ हाय की!" मी मनगट पुढं केलं. "हे तुम्हीच टाकलेलं. याच्यावर विश्वास कसा ठेवू?" लोक हसायचे, त्यांना वाटायचं मेव्हण्या-मेव्हण्यांची चेष्टा चाललीय. दाजी आणि मी हसत नव्हतो.

दाजींचा धंदा वाढला तशी घड्याळं वाढली. दुबईहून आलेली, मुंबईच्या कुणा दलालाकडून घेतलेली, आकड्यांच्या जागी खडे असलेली, पाण्यात दोनशे मीटर खाली चालणारी. पंचगंगेच्या घाटावर पाय भिजवतानासुद्धा ते ती काढून ठेवायचे. ९९ साली शिरोलीला नव्या शेडची पूजा होती. बँकेचे साहेब, सराफ, दोन कारखानदार, सगळे जमले होते. दाजी बाही वर सारून दिवाळीत घेतलेलं घड्याळ दाखवत होते. सोन्याचं, हाताला जड, किंमत एका मोटारीएवढी. ते हातोहात फिरत माझ्याकडं आलं. मी कानाला लावलं. असं अस्सल घड्याळ सलग धावायला पाहिजे, त्याचा सेकंदाचा काटा सरकत जायला पाहिजे. हा काटा सेकंदाला एक उडी मारत होता, माझ्या हातातल्या सहाशे साठवाल्यासारखी. आठ वर्षांनी शब्द आयते तोंडात आले. मी मोठ्यानं म्हटलं, "दाजी, हे सेलवर चालतंय की! ह्याला काय घड्याळ म्हणायचं?"

कुणीतरी हसलं. सराफानं घड्याळ घेतलं, काट्याकडं बघितलं, आणि किंमतही न विचारता दाजींच्या हातात परत दिलं. दाजींचा कान लाल झाला, मी पिळलेला तोच. म्हणाले, "पावणं, कान लई तिखट हायत तुमचं." मी म्हटलं, "अप्पांनी तयार केलेत." मग दाजींनी घड्याळ खिशात टाकलं आणि शर्टाची बाही खाली ओढली. ते बाही खाली ओढत असताना मी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. त्याचा आनंद मला तेव्हा झाला, आणि लिहितानाही होतोय.

पूजेला अप्पाही आले होते, परत येताना बसमध्ये ते शेजारी होते. त्यांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "ते सेलवरचं हाय हे मला गेल्या दिवाळीलाच कळलंतं." मी विचारलं, मग बोलला का नाही? अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपली पोरगी ऱ्हाती की त्या घरात."

खरं तेवढं सगळं लिहायचं तर हेही लिहायला हवं की अप्पांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा खर्च दाजींनी परस्पर भरला. मी ती रक्कम मनीऑर्डरनं परत पाठवली. ती त्यांनी घेतली. २००३ साली अप्पा गेले. मातीला दाजी आले आणि त्यांच्या हातात अप्पांचं घड्याळ होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी ते बघत होतो. सगळं उरकल्यावर त्यांनी ते काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "घ्या पावणं. तुमची कानपिळी." घड्याळ चालू होतं. मी म्हटलं, "मी मागितलेलं नाही, दाजी." त्यांनी हात तसाच धरून ठेवला. मी अप्पांच्या मनगटाचा विचार करत होतो... जिथं ते जायला पाहिजे होतं, ते मनगट दोन तासांपूर्वी राख झालं होतं. मी हात पुढं केला नाही. मला त्यांना देणं फेडू द्यायचं नव्हतं. त्यानंतर दर भेटीत ते म्हणायचे, "मागा की," आणि मी विचारायचो, "किती वाजले?" हॉस्पिटलमधली ती शेवटची खेप.

दाजींचं कार्य झाल्यावर अक्कानं मला आतल्या खोलीत बोलावलं. काचेचं कपाट मुलांनी आधीच रिकामं केलं होतं. पुण्याचा कुणी घेणारा आला होता. अक्कानं देवघराच्या खणातून अप्पांचं घड्याळ काढलं. ते चालू होतं. म्हणाली, "रोज अंघोळ झाली की चावी द्यायचे. कानाला लावायचे, परत ठेवायचे. घातलं मात्र कधी न्हाय, अप्पांच्या मातीला सोडून." मला वाटतं, हे ऐकून माझा राग उतरेल अशी तिची अपेक्षा होती. उतरला नाही. विसरलेल्या माणसाला एक वेळ सोडून देता येतं. पण हा माणूस रोज सकाळी, रोज आठवण काढून, ते घड्याळ खणात परत ठेवत होता. अप्पा तिकडं लोकांना वेळ विचारत होते तेव्हासुद्धा.

मी तसं बोलून दाखवलं. अक्कानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू वेळ विचारून घरला जायचास. मग चार-चार दिवस ह्या घरात माझ्याशी कोण बोलायचं न्हाय. ते तुला ठाऊक हाय?" ठाऊक नव्हतं. असतं तर मी थांबलो असतो का, ते मला आजही सांगता येत नाही. मी हात पुढं केला. पहिल्यांदाच केला. म्हटलं, "दे. आता मागतो." अक्का म्हणाली, "तुला कशाला? घड्याळासाठी भांडलात दोघं, आणि पंगतीत दिलं काय म्हणून? माझ्यासाठीच की." आणि तिनं ते स्वतःच्या मनगटाला बांधलं. पुरुषी पट्टा, शेवटच्या भोकात अडकवला तरी ढिला. हात खाली केला की घड्याळ तळव्यापर्यंत घसरत होतं. तिनं ते काढून माझ्याकडं दिलं. "भोक पाडून आण जा. आणि नीट आण, मला परत पायजे."

आता ते तिच्या हातात असतं. भाकरी थापतानाही काढत नाही, पिठानं पट्टा पांढरा होतो. गेल्या रविवारी गेलो तेव्हा मी सवयीनं म्हटलं, "किती वाजले?" तिनं आधी कानाला लावलं, मग बघितलं, आणि सांगितलं. अप्पा सांगायचे तसं, मिनिटासकट.

कानपिळी दाजींकडून वसूल झाली नाही. ती बाकी मी सोडलेली नाही. प्रत्यक्ष दिलं गेलं ते एवढंच : पट्ट्याला एक जादा भोक पाडायचे दहा रुपये, माझ्या खिशातून, रोख, महाद्वार रोडवरच्या घड्याळवाल्याला.