मेजरचं खाणं आणि मामांची सुट्टी

"बसा की!" हे त्यांचं पहिलं वाक्य. कोणीही येवो, कुरिअरवाला, मीटर बघायला आलेला माणूस, नाहीतर मी. आता गंमत बघा, ते गेटच्या आत आणि आपण बाहेर रस्त्यावर. मध्ये दीड पुरुष उंचीचं पत्र्याचं गेट, त्याला कुलूप, आणि गेटला छातीच्या उंचीवर एक हातभर खिडकी. त्या खिडकीतून पांढऱ्या मिशांचा चेहरा बाहेर बघणार आणि म्हणणार, बसा की. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चांगलीच वैतागले होते. म्हटलं, "मामा, खुर्ची टाका मग रस्त्यावर!" तर बिचारे ओशाळले. म्हणाले, "व्हय ओ ताई. पन म्हनावं तर लागतंय की."

मी नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळते. नट-बोल्ट मोजायचे आणि कामगारांशी भांडायचं, हे माझं काम. तोंडाळ बाई म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. आमच्या शेजारचा कारखाना बंद पडलेला. मशिनरी आत, मालक पुण्यात, आणि राखणीला हे एकटे मामा. असे वॉचमन तुम्हीही पाहिले असतील. पाहिले म्हणजे काय, आपण गेट पाहतो आणि पुढे जातो. मीसुद्धा कितीतरी दिवस गेटच पाहत होते.

मूळचे ते पाथर्डीकडचे. उभी हयात ऊसतोडीत गेली, मग गुडघ्यांनी दगा दिला आणि ही नोकरी धरली. आधी दोघे वॉचमन होते, एक दिवसाचा, एक रात्रीचा. रात्रीचा सोडून गेला. मालक म्हणाले, नवा माणूस बघतो. ते अजून बघतच होते. तोवर दिवसही मामांचा आणि रात्रही मामांचीच. त्यात गेटवर कॅमेरा बसवलेला. कुलूप उघडलं रे उघडलं की पुण्यात मालकांच्या मोबाईलवर टुंग वाजायचं आणि लगेच फोन यायचा, "मामा, कुठे निघालात?" पीठ, तेल, भाजी, सगळं त्या खिडकीतून आत. भाजी बहुतेक वेळा मीच आणून द्यायचे. आमची ओळख झाली ती मेथीच्या जुड्या देता-घेता.

एकच गोष्ट त्यांच्या जिवाला लागलेली होती. बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा आणि सून दिवाळीनंतर तोडीला जायचे, मग घरात ती एकटीच. ऑपरेशन झाल्यावर महिनाभर डोळ्यांत थेंब घालायला, चुलीपासून लांब ठेवायला माणूस हवा. "मी गेल्याबिगर ती त्या टेबलावर झोपनार न्हाई," मामा सांगायचे. "म्हनती, डोळं उघडल्यावर पयलं दुसऱ्याचंच त्वांड कशाला बघू?" हे सांगताना लाजायचे. साठीचा माणूस, पण कान लाल व्हायचे.

एक दिवस मालक गाडीतून आले आणि त्यांच्या हातात एक पिल्लू देऊन गेले. ग्रेट डेन जातीचं. राखाडी रंग, लोंबते कान, आणि पंजे असे की हे पंजे दुसऱ्याच कुणाचे असावेत. नाव मेजर. मालक म्हणाले, "मामा, हे मोठं झालं की गेट हेच सांभाळेल. मग तुम्ही खुशाल महिनाभर गावाला जा. याला खायला टाकायला मी कुणालातरी पाठवेन. सहा महिन्यांत वासराएवढं होतंय बघा. फक्त भरपूर घाला."

बस्स! मामांनी पदर खोचला म्हणतात ना, तसं सुरू केलं. मालकांनी दिलेलं पिशवीतलं खाणं होतंच. वर सकाळी दूध, दुपारी अंडी, संध्याकाळी दूध-भाकरीचा काला. त्यावर गाईम्हशींना पाजतात त्या कॅल्शियमचा कॅन मालकांनीच पाठवलेला, त्यातलं दोन-दोन झाकणं. मी कामावर आले की मामा खिडकीतून पिल्लू वर धरायचे. "ताई, खरं सांगा, कालच्यापरीस मोठं दिसतंय का न्हाई?" मी कुत्र्यांना भिणारी बाई, लांबूनच म्हणायचे, "दिसतंय हो, दिसतंय!" मग त्यांचा हिशेब सुरू. आखाजीपर्यंत एवढं, पोळ्यापर्यंत तेवढं, दसऱ्याला मी गावात.

तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी खिडकीतून चेहरा आला, पण बसा म्हणाला नाही. "ताई, मेजर उभा ऱ्हाईना," मामा म्हणाले. पिल्लाचे पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले, मनगटं खचलेली. उभं केलं की केविलवाणं कण्हायचं. मामांना गेट सोडता येईना. शेवटी काय, त्या खिडकीतून त्यांनी पिल्लू बाहेर सरकवलं आणि मी डोळे मिटून ओढलं. अर्ध्यात त्याचं पोट अडकलं. आतून मामा ढकलतायत, बाहेरून मी ओढतेय, आणि आमच्या वर्कशॉपची पोरं फाटकात उभी राहून हसतायत. त्यांना दोन शिव्या घातल्या, रिक्षा केली आणि ते धूड मांडीवर घेऊन सावेडीला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. वाटेत ते माझ्या ओढणीवर मुतलं.

डॉक्टरांनी पिल्लाच्या अंगावरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्याला फुगवलंय. म्हणाले, "याला काय पैलवान करायचंय? मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढवायचं असतं. वजन पुढे पळालं आणि हाडं मागे राहिली, की पाय असेच वाकतात." कॅल्शियम आजपासून बंद. दूध-अंडी बंद. पिशवीवर नुसतं 'पिल्लांसाठी' लिहिलेलं चालणार नाही, 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' असं असेल तीच पिशवी घ्यायची, त्यात कॅल्शियम बेताचं असतं. तेही मापून, दिवसातून तीनदा. "बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत," हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. पाय सुधारतील का, असं विचारलं तर म्हणाले, आत्ता थांबलात तर सुधारतील.

मी परत येऊन खिडकीपाशी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मामांनी एकच विचारलं.

"मंग मोठं कवा व्हनार?"

"दीड वर्ष धरा म्हणाले. जास्तच."

मामा पिल्लू छातीशी धरून तसेच उभे राहिले. मला त्यांचा फार राग आला, म्हणजे त्यांचा नाही, पण दुसरं कुणी समोर नव्हतं. मी म्हटलं, "मामा, सरळ सांगते. घाला दूध-अंडी! वाकले पाय तर वाकले. मालकाला उंच कुत्रं हवंय ना, होऊ दे उंच. कुत्र्याच्या पायांपायी बायकोचे डोळे घालवता काय?"

त्यांनी पिल्लू खाली ठेवलं आणि पँट गुडघ्यापर्यंत वर केली. मला खिडकीतून वाकून पाहावं लागलं. दोन्ही पाय धनुष्यासारखे बाहेर गेलेले. म्हणाले, "आठ वर्साचा हुतो. बाप डोक्यावं उसाची मोळी द्यायचा आन म्हनायचा, चल, गाडी भरू, लवकर फड उरकला की लवकर गावाला. त्याला काय दोष द्यायचा ताई, त्याला बी घरीच जायचं हुतं. पन मपली हाडं कवळी हुती ना."

मग त्यांनी माझ्यासमोरच बायकोला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर नेहमी सुरूच. सगळं सांगून झाल्यावर पलीकडून बाईंचा आवाज आला, "आवो, मला एका डोळ्यानं दिसतंय अजून. तुमी त्या लेकराची घाई करू नगा." मग म्हणाल्या, "पाय सरळ व्हतील म्हनला ना डागदर?"

आता एक कबूल करते. त्या क्षणी मला म्हणता आलं असतं, मामा, तुम्ही जा, महिनाभर मी बघते मेजरला, मालकाशी मी भांडते. भांडण तर माझ्या हातचा मळ. पण खोटं कशाला सांगू, ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी "बरं, बघा बाई तुमचं तुम्ही" म्हणाले आणि स्टोअरला गेले.

पिशवी बदलायला मालकांची ना नव्हती. नवी पिशवी आली. मामा चहाच्या मगाने खाणं मापायचे, वर आलेलं बोटाने सपाट करायचे. रोज सकाळी मेजरला उभं करून दोन्ही बाजूंनी बोटं फिरवायचे आणि मला खबर द्यायचे, "लागत्यात बरगड्या!" महिन्या-दोन महिन्यांत पंजे सरळ झाले. आणि मग उंची सुटली. बारीक, लांब, पायच पाय. खिडकीतून आधी पिल्लू यायचं, मग नुसतं डोकं, मग नुसतं नाक.

मालक कॅमेऱ्यात बघायचे ते हडकुळं कुत्रं. एकदा फोनवर चढलेच. "मामा, पिशव्या जातात कुठे? बाहेर विकता की काय?" मी तिथेच उभी होते. मामांनी "न्हाई मालक" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. मी म्हटलं, द्या इकडे तो फोन, दाखवते त्यांना. तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. नोकरीवरनं काढलं तर नवा मानूस ह्येच्या पुढ्यात काय वाढील, काय सांगावं?" बघा म्हणजे! चोर म्हटलं ते लागलं नाही, मेजरच्या ताटाची काळजी. मालकांनी पुन्हा कॅल्शियमचा कॅन पाठवला. तो मामांनी नळापाशी असलेल्या लिंबाच्या झाडाला घातला. नंतर त्या झाडाची लिंबं मला द्यायचे आणि सांगायचे, "खा ताई, गुडघ्याला चांगली हायेत."

अशा दोन दिवाळ्या त्या गेटच्या आत गेल्या. मुलगा-सून दोनदा तोडीला जाऊन आले. फोनवर बाई म्हणायच्या दिसतंय, दिसतंय. पण एकदा म्हणाल्या की चुलीवरचं दूध उतू गेल्याचं वासावरून कळलं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

मेजर मात्र असा झाला की रस्त्यावरचे ट्रकवाले थांबून बघायचे. काचेसारखं तुकतुकीत अंग, सरळसोट पाय, आणि भुंकला की आमच्या स्टोअरचे पत्रे वाजायचे. मामांनी मालकांना फोन केला, "मालक, झालं बरं का मोठं."

मालक दुसऱ्याच दिवशी आले. मी मुद्दाम आमच्या फाटकात जाऊन उभी राहिले. म्हटलं, आज या माणसाला मोकळं होताना बघायचं. मालक मेजरभोवती एक चक्कर मारून आले. "काय देखणं झालंय हो! हे इथे धुळीत कशाला? बंगल्यावर नेतो याला." आणि गाडीतून एक खोका काढला. खोक्यात पिल्लू. राखाडी रंग, लोंबते कान. "हे घ्या, मामा. अगदी असंच वाढवा. हे मोठं झालं की तुमची सुट्टी पक्की!"

माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. माझ्या! मालक पिल्लू पुढे करून उभे होते आणि मामांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. "खाली ठिवा," ते म्हणाले. मालकांनी ठेवलं. मामांनी मेजरला गाडीत चढवलं, त्याच्या बरगड्यांवरून एकदा हात फिरवला आणि मालकांना सांगितलं, "आता दोन येळा घाला. जास्ती नगा घालू." गाडी गेली. आतलं पिल्लू कुईकुई करत राहिलं.

अर्ध्या तासाने मोठ्या गेटचं कुलूप वाजलं. गेट सताड उघडं, आणि मामा पिशवी घेऊन बाहेर रस्त्यावर. मी त्यांना पहिल्यांदाच डोक्यापासून पायापर्यंत एकदम पाहत होते. वाटलं होतं त्यापेक्षा बुटके निघाले.

"किल्ली टेबलावं ठिवली हाय," ते म्हणाले. "ताई, म्या त्येला हात लावला न्हाई बरं का. एकडाव हात लावला आस्ता, तर मला जाता आलं नस्तं." आणि मनमाड रोडच्या दिशेने निघाले. पाय तसे, त्यामुळे चाल झोकांड्यांची, पण थांबले नाहीत आणि मागेही वळले नाहीत.

पुढचं मला मामांनी गावाहून केलेल्या फोनवर कळलं. ऑपरेशन पंधरा दिवसांत झालं, थेंब तेच घालत होते. एक डोळा छान आला. दुसऱ्याला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. महिनाभराचं काम होतं हो. कोणीही केलं असतं.

त्या दिवशी मात्र हे काही ठाऊक नव्हतं. मामा वळणापलीकडे गेले आणि मी त्या उघड्या गेटातून पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. खोलीत मामांनी ठेवून दिलेला कंपनीचा मोबाईल वाजत होता, वाजून थांबत होता, परत वाजत होता. पिल्लू अडखळत माझ्या पायाशी आलं आणि चपलेवर पंजे ठेवून वर बघायला लागलं. मीही दोन्ही हात पाठीमागे घेतले. दोन मिनिटं, फार तर तीन. मग वाकले आणि त्याच्या बरगड्या चाचपल्या.