आसूड पल्लवीवर, वळ आमच्या पाठीवर

मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत क्यूसी लॅबला आहे. मशीनवर रीडिंग आलं तर ते खरं, नाहीतर नाही — असला माझा स्वभाव. कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या हात जोडतात आणि मी चहा ठेवायला उठते. त्यावरून सासूबाईंची बोलणीही खाल्लीत भरपूर. म्हणून हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण पोटात ठेवून ठेवून आता बेचैन व्हायला लागलंय, म्हणून लिहिते.

गावाचं नाव देत नाही. दौंड तालुका, भीमेच्या काठचं गाव, एवढं पुरे. घरात वाद आधीच काय कमी आहेत!

आमच्याकडे चैत्रात देवीची यात्रा भरते. दुपारी पालखी देवळात परत आली की वर्षभरात लग्न होऊन आलेल्या नव्या सुना पायरीपाशी गावाकडे पाठ करून उभ्या राहतात. सासूने हात धरायचा, सुनेने हलायचं नाही, आणि मानकऱ्याने पाठीवर आसुडाचा एक फटका द्यायचा. याला आमच्यात 'पाठ देणं' म्हणतात. का द्यायची? नवीन होते तेव्हा मी विचारलं होतं. एक म्हणाली, माहेरची पीडा झडते. दुसरी म्हणाली, देवी सुनेला ओळखायला लागते. तिसरी माझ्यावरच डाफरली, "आसलं इचारू नगं बाय, पद्धत हाय."

मानकरी म्हणजे आमचे चुलत सासरे, आप्पा. एरवी देवमाणूस. पण आसूड हातात आला की हात हलका ठेवत नाहीत, कारण हलका मारला तर देवीला पोचत नाही म्हणे! मला बसला तेव्हा कितीतरी दिवस मी पालथी झोपत होते. उजव्या खांद्यापासून तिरका खाली, अजून हाताला लागतो तो वळ.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेचा, पल्लवीचा नंबर होता. पोरगी निमोण्याची, बी.फार्म झालेली, आणि पाचवा महिना चालू. आधी एकदा पोट पडलेलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन उचलायचं नाही, दचकायचं नाही, आराम. आणि हिला आसूड मारायचा!

मी घर डोक्यावर घेतलं. दिराला म्हणाले, "सागर भावजी, तुमचं मूल आहे ते, तुम्ही तरी बोला." तर तो खाली मान घालून, "वहिनी, एकच तर फटका. गाव काय म्हणंल?" सासूबाईंना म्हणाले, "आई, पुढच्या वर्षी देईल ती पाठ. देवी काय पळून चालली का?" त्या म्हणाल्या, "मी थोरल्याच्या वक्ताला पोटुशीच व्हते. काय झालं? धडधाकट हाय न्हवं त्यो?" आणि सगळ्यात कहर म्हणजे पल्लवी स्वतः! "जाऊ द्या ना ताई. सगळ्यांनीच घेतलाय की." असा राग आला मला तिचा... म्हटलं, बी.फार्म काय शोभेला केलंस का गं?

मग मनाशी ठरवलं, ऐनवेळी मध्ये हात घालायचा. माझ्या हातावर बसला तर बसला.

यात्रेच्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. हलगी घुमत होती, गुलालाने सगळं लाल. पल्लवी पाठ करून उभी राहिली, आईंनी तिचा हात धरला. मी तिच्या डाव्या बाजूला, आणि माझ्याशेजारी माझी नणंद रेखा, यात्रेला माहेरी आलेली. आप्पांनी आसूड कपाळाला लावला. मी पाऊल टाकलं, तेवढ्यात रेखाने माझा दंड पकडला. "वहिनी, तमाशा नको." मी तिला झिडकारते न झिडकारते तोच आसूड खाली आला. आवाज मी स्वतः ऐकला. तिच्या पाठीवरच बसला, डोळ्यांनी पाहिलं.

आणि त्याच क्षणी माझ्या पाठीवर आग उतरली.

मला वाटलं मागून कुणी मारलं. वळून बघते तर मागे नुसती देवळाची भिंत. उजव्या खांद्यापासून तिरकं खाली, अगदी तिथंच... तोंडातून "आई गं" निघालं. पण माझ्या आधीच आमच्या आई किंचाळल्या होत्या. पल्लवीचा हात सोडून त्या मटकन खाली बसल्या. मग समोरच्या वाड्यातली सरूकाकू. मग शेजारची. मग ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्या. भरल्या अंगणात एकामागून एक बायका पाठ धरून खाली बसायला लागल्या. हलगी थांबली. पुरुष मात्र सगळे उभेच.

पल्लवी वळली. म्हणाली, "ताई, मारला का? मला काहीच कळलं नाही."

तिला धर्मशाळेत नेऊन मी पाठ पाहिली. साधी लालीसुद्धा नव्हती. आणि माझ्या, आईंच्या, सगळ्यांच्या पाठीवर ताजे, टरारून फुगलेले वळ. जिला जिथं पहिला बसला होता तिला तिथंच.

आता बघा, लॅबमध्ये टेस्ट लावताना आम्ही सोबत एक ब्लँक लावतो, म्हणजे बाकी सगळं तेच, फक्त सॅम्पल घातलेलं नसतं. फरक कळावा म्हणून. इथं ब्लँक होत्या माहेरवाशिणी आणि लग्नाच्या पोरी. रेखा माझा दंड धरून उभी होती, तिला मुंगीसुद्धा चावली नाही. गावच्या लेकींना या गावात कधी आसूड बसलेलाच नाही ना!

दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, उन्हामुळे, गर्दीमुळे होतं असं, एकीचं बघून दुसरीला होतं. मीही मानलं असतं. पण आम्ही धर्मशाळेत असतानाच माझा फोन वाजला होता. थोरल्या जाऊबाई, सुनंदाताई. त्या शिरूरला राहतात, भांडण झाल्यापासून यात्रेला पाय ठेवत नाहीत. त्या रडत होत्या. "काय केलंत गं तिथं? पोळ्या लाटत होते मी... पाठीत कुणीतरी आसूड ओढला माझ्या." त्यांनी कुणाचं बघितलं होतं? सांगा ना!

पल्लवीला पुढे मुलगी झाली. गुटगुटीत, आणि आवाज असा की गल्ली जागी करते. एवढं एक बरं झालं.

तुम्हाला वाटेल, आता तरी पद्धत बंद पडली असेल. छे! गावकीची बैठक बसली, सगळे पुरुष. ठरलं काय? तर मानात काहीतरी खोट राहिली, देवी रागावली, तेव्हा यंदा नव्या सुनेला एकाऐवजी दोन फटके द्यायचे.

यंदाची सून खालच्या आळीची. एकोणीस-वीस वर्षांची असेल. ती पायरीपाशी पाठ करून उभी राहिली. आप्पांनी आसूड घेतला, आणि बायकांच्यातून आमच्या आई उठल्या. ज्या कधी दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, त्या. चालत गेल्या आणि पोरीच्या आणि आप्पांच्या मध्ये बसल्या. मग सरूकाकू जाऊन बसली. मी गेले. बघता बघता सगळी पायरी बायकांनी भरली.

आप्पा म्हणाले, "वैनी, उठा. देवीचं काम हाय."

आई म्हणाल्या, "मारा की भावजी. कुणाच्या बी पाठीव मारा. लागायचं त्ये आमालाच लागतंय."

आप्पांचा हात वर होता तो तसाच राहिला. मग त्यांनी आसूड गुंडाळला आणि देवळात खुंटीला लावून आले. पुढच्या वर्षी काय करतील, माहीत नाही. आसूड अजून तिथंच आहे.

गेल्या वर्षी ते काय झालं, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. लॅबमध्ये बसल्या बसल्या मध्येच हात पाठीवर जातो. पण मला झोपू देत नाही ते वेगळंच. तो फटका दरवर्षीसारखा पल्लवीलाच लागला असता, तर आम्ही तिच्या पाठीला हळद लावली असती, प्रसाद घेतला असता आणि घरी आलो असतो. आईही, सरूकाकूही, आणि चार दिवस आदळआपट करून मीसुद्धा.